घरी स्की बांधताना: आधी बर्फ ठरवा, मग लाकूड कापा

घरी बांधलेली स्की पहिल्याच मोसमात उकलते, पिळते किंवा कडक बर्फाच्या उतारावर पकड धरत नाही, तेव्हा दोष सहसा मालाचा नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी प्रेस (थर दाबून धरणारे साधन) बांधायचा, मग मिळेल ते लाकूड चिकटवायचे आणि आकार शेवटी ठरवायचा, अशी उलटी सुरुवात फार जण करतात. दुसरी हमखास चूक म्हणजे रेझिन (थर चिकटवणारे इपॉक्सी) कालवल्यावर कुठला थर कुठे जाईल याचा विचार करत बसणे. रेझिन कालवण्याच्या दिवशी ठरवण्यासारखे काहीही शिल्लक राहू नये, अशा बेताने पुढचे टप्पे मांडले आहेत.

इथे सांगितलेली पद्धत लाकडी गाभ्याच्या सँडविच बांधणीची आहे: खाली बेस (बर्फावर घसरणारे प्लॅस्टिक) आणि स्टीलच्या कडा, त्यावर फायबरग्लास, मग गाभा, पुन्हा फायबरग्लास आणि वर टॉपशीट (वरचे आवरण).

## टप्पा १: कोणत्या बर्फासाठी?

एकच स्की सगळ्या बर्फावर उत्तम चालेल ही अपेक्षा सोडा. खालचे आकडे मध्यम वजनाच्या प्रौढासाठी आहेत. कंबर म्हणजे स्कीची मधली सर्वांत कमी रुंदी, कॅम्बर म्हणजे मध्याची वर उचललेली कमान, रॉकर म्हणजे टोकाकडे आधीच वर वळू लागणारा भाग. वजन जास्त असेल तर आधी गाभ्याची जाडी वाढवा, रुंदीचा विचार नंतर करा.

दाबलेला, कडक किंवा गोठलेला बर्फ. कंबर ६८ ते ८० मिमी, वळणाची त्रिज्या १३ ते १८ मीटर, कॅम्बर ५ ते ८ मिमी, पुढचा रॉकर जेमतेम. इथे स्की पिळली जाता कामा नये. कड बर्फात रुतते तेव्हा टोक पीळ खाऊन सुटले की पकड गेली. म्हणून ±४५ अंशाचे धागे असलेले त्रिअक्षीय (तीन दिशांना धागे असलेले) फायबरग्लासच वापरा. नुसत्या ०/९० अंशाच्या कापडाने वाकण्याचा ताठरपणा येतो, पीळ रोखला जात नाही. गाभ्यात अ‍ॅश किंवा मेपलचे प्रमाण जास्त ठेवा.

मिश्र परिस्थिती. कंबर ८८ ते १०० मिमी, त्रिज्या १७ ते २१ मीटर, कॅम्बर ३ ते ५ मिमी, पुढे २०० ते ३०० मिमी लांबीचा सौम्य रॉकर. वसंतातल्या ओल्या बर्फालाही हाच आकार चालतो, फक्त पुढचे टोक थोडे ताठ हवे. ओला बर्फ जड असतो, त्यात मऊ टोक दुमडल्यासारखे मागे रेटले जाते.

खोल, कोरडा, भुसभुशीत बर्फ. कंबर १०८ ते १२० मिमी, त्रिज्या २० मीटरच्या पुढे, कॅम्बर शून्य ते ३ मिमी, पुढचा रॉकर ३५० ते ४५० मिमी, मागे थोडा. टोके मऊ, मधला भाग ताठ. गाभ्याला पॉप्लर किंवा पॉलोनियासारखे हलके लाकूड, पण बाइंडिंगच्या (बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) खाली कठीण लाकडाच्या पट्ट्या हव्यातच.

पहिलीच जोडी असेल तर ती मिश्र किंवा मऊ बर्फासाठी बांधा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्ध्या मिलिमीटरचा पीळ किंवा वर-खाली झालेली कड मऊ बर्फात जाणवतही नाही. गोठलेल्या बर्फावर तीच चूक प्रत्येक वळणाला पाय ओढते.

### साइडकटचे गणित

साइडकट म्हणजे स्कीच्या कडेचा आत वळलेला वाक. साइडकटची खोली = (पुढची सर्वांत जास्त रुंदी + मागची सर्वांत जास्त रुंदी − कंबरेची दुप्पट) ÷ ४.

त्रिज्या = (दोन रुंद बिंदूंमधील अंतराचा वर्ग) ÷ (८ × खोली).

पुढे १३०, कंबर १००, मागे १२० मिमी घेतले तर खोली १२.५ मिमी येते. रुंद बिंदूंमधील अंतर १४५० मिमी असेल तर त्रिज्या साधारण २१ मीटर. हीच रुंदी ठेवून अंतर १३५० केले की त्रिज्या १८ मीटरवर येते. म्हणजे स्की आखूड करताना रुंदी तशीच ठेवली तर वळणाचा स्वभावही बदलतो. बरेच जण मापे उचलतात, लांबी कमी करतात आणि स्की एवढी वळवळी का झाली म्हणून कोड्यात पडतात.

बुटाच्या मध्याची खूण याच कागदावर टाका. एका दिशेने चालणाऱ्या मऊ बर्फाच्या स्कीत ती स्कीच्या एकूण मध्याच्या ६ ते १० सेंमी मागे येते. गाभ्याचा सर्वांत जाड भाग याच खुणेभोवती ठेवायचा आहे.

## टप्पा २: फर्मे

६ मिमीच्या एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचे) तीन फर्मे, म्हणजे आकाराचे नमुने, लागतात: बेसचा, गाभ्याचा आणि बाजूने दिसणाऱ्या वक्राचा (कॅम्बर आणि रॉकर). मधली रेघ प्रत्येक फर्म्यावर खोल कोरा. अर्धा आकार आखून फर्मा उलटा करून दुसरी बाजू आखली की डावे-उजवे आपोआप सारखे येते.

इथे चूक होते: बेसचा फर्मा स्कीच्या पूर्ण रुंदीचा कापला जातो. बेसच्या दोन्ही बाजूंना स्टीलची कड बसते, तिची जाडी वजा करायलाच हवी. कड २ मिमीची असेल तर बेस एकूण ४ मिमी अरुंद. गाभा मात्र साइडवॉलसकट (गाभ्याच्या बाजूंच्या प्लॅस्टिक पट्ट्यांसकट) प्रत्येक बाजूला ३ ते ४ मिमी जास्त ठेवायचा, नंतर तो घासून कडेच्या रेषेत आणायचा असतो.

## टप्पा ३: साचा आणि दाब

पहिल्या जोडीसाठी व्हॅक्यूम बॅग (हवा शोषून थर दाबणारी पिशवी) घ्या. ०.८५ बार निर्वात दाबाने १८०० × १३० मिमी क्षेत्रावर सुमारे दोन टनांचा भार सगळीकडे सारखा पडतो, आणि त्यासाठी लोखंडी सांगाडा लागत नाही.

हवेच्या नळीचा प्रेस ३ बारवर चालवला तर तेवढ्याच क्षेत्रावर सात टनांहून जास्त भार येतो. हलक्या वेल्डिंगचा किंवा लाकडी सांगाडा हा भार पेलत नाही, आणि तो तुटतो तेव्हा लोखंड उडते. नीट हिशेब करून बनवलेल्या आय-बीमच्या सांगाड्याशिवाय, रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय असा प्रेस चालवू नका. दाब असताना त्याच्या तोंडाशी उभे राहू नका.

साच्यासाठी १८ मिमी एमडीएफच्या दहा पट्ट्या बाजूच्या वक्राच्या फर्म्यावरून राउटरने (लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) कापा आणि एकमेकींना चिकटवून १८० मिमी रुंदीचा भरीव ठोकळा करा. मध्ये पोकळी ठेवली तर निर्वात दाबाने साचा चेपतो. वर ३ मिमीचा हार्डबोर्ड आणि त्यावर पॉलिथिन. कॅम्बर हवा त्यापेक्षा १-२ मिमी जास्त द्या, स्की सुटल्यावर थोडा उतरतो.

तपासा: साच्याच्या दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एका टोकाकडून डोळा लावून पाहा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर साचा पिळलेला आहे. हा पीळ जसाच्या तसा स्कीत उतरतो आणि नंतर कशानेही निघत नाही.

## टप्पा ४: गाभा

लाकडातली ओल ६ ते ८ टक्के असावी. गाठी, भेगा आणि कडेला पळणारे रेषे असलेला भाग काढून टाका. १२ ते २० मिमी रुंदीच्या पट्ट्या उभ्या रेषांच्या दिशेने लावून, शेजारशेजारच्या पट्ट्यांचे रेषे उलटसुलट ठेवून, पाण्याने न सुटणाऱ्या लाकडी गोंदाने चिकटवा. बाइंडिंगचे स्क्रू ज्या पट्ट्यांत जातील त्या अ‍ॅश किंवा मेपलच्या घ्या.

साइडवॉल याच वेळी चिकटवतात. एबीएस प्लॅस्टिक खरवडून घासले की त्याला इपॉक्सी चांगले धरते. पॉलिथिनची साइडवॉल दगडाच्या माराला जास्त टिकते, पण तिला ज्योतीची प्रक्रिया करावीच लागते (टप्पा ६).

मग जाडीचा उतार. दोन्ही टोकांना २ मिमी, बाइंडिंगच्या ३५० ते ४०० मिमी भागात सपाट १०.५ ते ११.५ मिमी, मधल्या टप्प्यात एकसारखी चढण. उताराच्या दोन रुळांवरून राउटर फिरवला की हे काम नेटके होते. हातरंध्याने दोन गाभे सारखे काढणे फार कठीण जाते.

जाडीतला छोटा फरक ताठरपणात मोठा होऊन दिसतो. गाभा १० टक्क्यांनी जाड केला तर तयार स्की साधारण २० ते ३० टक्क्यांनी ताठ होते. म्हणजे १० मिमीच्या जागी ११ मिमी ही किरकोळ चूक नव्हे.

तपासा: दर १०० मिमीवर व्हर्नियरने दोन्ही बाजूंची जाडी मोजून गाभ्यावरच पेन्सिलीने लिहा. डावी-उजवी बाजू ०.२ मिमीच्या आत जुळली पाहिजे. मग गाभा दोन टेकूंवर आडवा ठेवून मध्ये ५ किलो टांगा आणि किती वाकतो ते मोजा. दोन गाभ्यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ताठ गाभा हलक्या हाताने घासा. हा फरक नंतर दुरुस्त करता येत नाही.

## टप्पा ५: बेस आणि कडा

या टप्प्याला घाई करू नका. १.२ ते १.४ मिमीचा बेस फर्म्यावर घट्ट पकडून धारदार ब्लेडने किंवा राउटरने कापा. कापलेली कड उभी आणि स्वच्छ हवी.

नवख्यांनी स्टीलची कड पुढच्या संपर्कबिंदूच्या (स्की जिथे बर्फाला टेकू लागते त्या जागेच्या) थोडी पुढून मागच्या संपर्कबिंदूच्या थोडी मागेपर्यंतच लावावी. टोकाला पूर्ण वळसा घालायला कड वाकवण्याचे यंत्र आणि सवय दोन्ही लागते, आणि मऊ बर्फात त्याचा फायदा फारसा नाही. उघड्या टोकाला प्लॅस्टिकची पट्टी पुरते.

कड आधी हाताने साइडकटच्या वक्रात वाकवा. बेसला टेकवल्यावर ती स्वतःहून, दाब न देता बसली पाहिजे. ओढून बसवलेली कड बेसला कायम ताणत राहते आणि पुढे तिथेच उकलते. बसल्यावर दर ५-६ सेंमीवर सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा एक बारीक थेंब द्या आणि चिमटे लावा. थेंब कडेच्या आणि बेसच्या सांध्यात, खालच्या बाजूला पडावा. कडेच्या दात्यांच्या (थरांत आत जाणाऱ्या भागाच्या) वर पसरलेला गोंद इपॉक्सीला तिथे धरू देत नाही.

तपासा: बेस उजेडासमोर धरा. कड आणि बेस यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली तर ती फट इपॉक्सीने भरेल आणि पहिल्या दगडाला ते इपॉक्सी उडेल. कड काढून पुन्हा वाकवा.

## टप्पा ६: चिकटणारे पृष्ठभाग

घरच्या स्की उकलण्याचे सर्वांत मोठे कारण इथे असते. बेसचे प्लॅस्टिक स्वभावतः कशालाच चिकटत नाही. कारखान्यात एका बाजूवर प्रक्रिया केलेला बेस असेल तर ती बाजू कोणती याची खूण आल्याबरोबर करा. प्रक्रिया नसेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्रोपेन टॉर्चची निळी ज्योत भरभर, एकसारखी फिरवा. प्लॅस्टिक चमकायला किंवा आकसायला लागले म्हणजे ज्योत रेंगाळली.

तपासा: बेसवर पाणी शिंपडा. पाणी पातळ पसरून राहिले तर बाजू तयार आहे, थेंब गोळा होऊन घरंगळले तर नाही. तपासणीनंतर पूर्ण वाळवा, हात लावू नका आणि त्याच दिवशी चिकटवा. प्रक्रियेचा गुण दिवसागणिक उतरतो.

स्टीलच्या कडा घासून अ‍ॅसिटोनने पुसा. अ‍ॅसिटोन वापरताना आसपास ज्योत नको. गाभा ८० नंबरने घासा आणि भुसा पूर्ण झटका. टॉपशीटची आतली बाजूही घासा. इथून पुढे सगळे काम नायट्राइल हातमोजे घालूनच.

## टप्पा ७: कोरडी तालीम

रेझिन न घेता सगळे थर क्रमाने रचा, बॅग बंद करा आणि पंप चालवा. पंप बंद केल्यावर दहा मिनिटांत काटा फारसा हलता कामा नये. हलला तर गळती शोधा, बहुतेक वेळा ती कोपऱ्यातल्या सुरकुतीत असते.

पुढच्या टोकाच्या वळणावर गाभा साच्याला टेकतो का ते बॅगमधून दाबून पाहा. पोकळ लागत असेल तर गाभ्याचे टोक वाफेने किंवा गरम पाण्याने ओले करून साच्यावर आधीच वाकवा आणि पूर्ण वाळू द्या.

मधली रेघ जुळवण्यासाठी टोकाच्या आणि शेपटीच्या कापून जाणाऱ्या भागात सगळ्या थरांतून आरपार एकेक खुंटी बसवा. ओले थर तेलावर ठेवल्यासारखे सरकतात. खुंटीशिवाय गाभा बाजूला गेला की एका बाजूची साइडवॉल घासताना संपून जाते.

एका स्कीसाठी मांडून ठेवायचा माल:

- बेस, कडा बसवलेला: १
- कडांच्या दात्यांवर लावायची पातळ रबरी पट्टी: सुमारे ३.५ मीटर
- त्रिअक्षीय फायबरग्लास, ६५० ते ७५० ग्रॅम प्रति चौमी: पूर्ण लांबीचे २ तुकडे
- बाइंडिंगखालच्या मजबुतीसाठी त्याच कापडाचा ५०० मिमी तुकडा
- गाभा आणि टोकांच्या प्लॅस्टिक पट्ट्या
- टॉपशीट
- इपॉक्सी: ५०० ते ६५० ग्रॅम

इपॉक्सीचा हिशेब असा: ७५० ग्रॅमचे कापड, एका थराचे क्षेत्र सुमारे ०.२६ चौमी, म्हणजे दोन थरांचे वजन ३९० ग्रॅम. कापडाच्या वजनाएवढे रेझिन कापडाला लागते. बाकीचे मजबुतीचा तुकडा, लाकूड आणि रबर पितात, थोडे बाहेर वाहते.

## टप्पा ८: थर लावणे

खोली २० ते २५ अंश सेल्सिअस. निदान ४५ मिनिटे ओले राहणारे इपॉक्सी निवडा. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजा. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घालू नका, त्याने इपॉक्सी कच्चे राहते. २००-२५० ग्रॅमच्या घाण्यात कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. खोल भांड्यात ठेवलेले इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापते आणि हातात असतानाच घट्ट होते.

१. बेस खालच्या बाजूला चिकटपट्टी लावून साच्यावर ठेवा. वर पातळ इपॉक्सी फासा.
२. दात्यांवर रबरी पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी. स्टील आणि फायबरग्लास गारठ्यात वेगवेगळे आकसतात, तो ताण ही पट्टी पचवते. ती वगळली तर कड पहिल्या जोरदार धक्क्यात सुटू शकते.
३. पहिले कापड. मधून कडेकडे स्क्वीजी (रेझिन पसरवणारी रबरी पट्टी) फिरवा. कापड पांढरे दिसते तिथे रेझिन पोचलेले नाही. कापड तिरके ओढले गेले तर धाग्यांचा कोन बदलतो आणि स्की पिळू शकते, म्हणून हात हलका ठेवा.
४. गाभ्याच्या खालच्या बाजूला इपॉक्सी फासून तो खुंट्यांवर बसवा. मग वरची बाजू. लाकूड कोरडे ठेवले तर ते कापडातले रेझिन शोषून घेते.
५. बाइंडिंगचा मजबुतीचा तुकडा, नंतर दुसरे कापड.
६. टॉपशीट, वर पॉलिथिन, मग पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि बॅग.

सावध: बॅग बंद करण्याआधी खुंट्या आणि दोन्ही टोके पुन्हा पाहा. पंप सुरू केल्यावर पहिली १५ मिनिटे तिथून हलू नका. थर सरकतात ते याच वेळात.

खोलीच्या तापमानाला २४ तास दाबाखाली ठेवा. इपॉक्सीच्या सूचनेत सांगितले असेल तर मग साच्यावरच ५०-६० अंशांवर काही तास शेका. सुरुवातीपासून जोरात गरम करू नका. बेसचे प्लॅस्टिक स्टीलच्या कैक पट प्रसरण पावते. तापलेल्या अवस्थेत सगळे घट्ट झाले तर थंड होताना बेस आडवा वाकतो. साचा हाताला पूर्ण गार लागल्यावरच स्की काढा.

## टप्पा ९: कापणी आणि घासणी

जिगसॉने कडेच्या २-३ मिमी बाहेरून कापा. फायबरग्लासची धूळ फुप्फुसांत जाते, त्यामुळे योग्य रेस्पिरेटर आणि गॉगल हवाच. उरलेला भाग बेल्ट सँडरने स्टील दिसेपर्यंत घासा, पण एका जागी थांबू नका. स्टील बोटाला चटका देऊ लागले की त्यामागचे इपॉक्सी मऊ पडते. साइडवॉलला वरच्या दिशेने ५ ते ८ अंशांचा उतार द्या.

दोन्ही स्की बेसला बेस लावून धरा. फट दोन्हीकडे सारखी हवी. बेसवर आडवी सरळ पट्टी ठेवून उजेडासमोर पाहा. कडा उंच आणि मध्य खोल असेल तर आधी कडा खाली आणा. मध्य फुगीर असेल तर बेस खरवडा.

कडेचा बेसकडचा कोन ०.५ ते १ अंश, बाजूचा १ ते ३ अंश. कडक बर्फासाठी बाजूचा कोन जास्त, मऊ बर्फासाठी १ अंश पुरेसा. बेसवरची खरड (मुद्दाम काढलेल्या रेघा) कोरड्या थंड बर्फाला बारीक, ओल्या बर्फाला जाड. वॅक्सची इस्त्री सतत हलती ठेवा, बेसचे प्लॅस्टिक १३५ अंशांच्या आसपासच वितळते. उघड्या लाकडाला आणि टोकांच्या सांध्यांना इपॉक्सीचा हात द्या.

## टप्पा १०: बाइंडिंग आणि पहिली चाचणी

इपॉक्सी पूर्ण पक्के व्हायला आठवडाभर द्या, मगच भोके पाडा. अल्पाइन (उतारावरच्या स्कीच्या) बाइंडिंगच्या स्क्रूची खोली साधारण ९ मिमी असते. ड्रिलला खोलीचा थांबा लावल्याशिवाय हात लावू नका. भोकात पाण्याने न सुटणारा गोंद घाला. बाइंडिंग सुटण्याची सेटिंग प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून यंत्रावर तपासून घ्या. स्की घरची असली तरी पायाचे हाड वाचवणारा हा भाग घरगुती अंदाजावर सोडायचा नाही.

पहिले उतार मोकळे आणि सौम्य घ्या, वेग कमी ठेवा. दोन-चार फेऱ्यांनंतर थांबून कडेचे सांधे आणि टोके नखाने चाचपा.

वळण सुरू होताच टोक अडकत असेल तर गाभ्याला दोष देण्याआधी पुढच्या-मागच्या १० सेंमी कडेची धार मोडा. बुटाखाली पकड सुटत असेल तर आधी बेस फुगीर नाही ना ते पट्टीने पाहा, मग धार. दोन्ही ठीक असूनही सुटत असेल तर मधला गाभा मऊ आहे. पुढच्या जोडीत तो अर्धा मिलिमीटर वाढवा, बाकी एकही आकडा बदलू नका.